पाळकांचा पगार कागदावर आणताना: मंडळीच्या नव्या खजिनदारासाठी

चर्चच्या मंडळीच्या वार्षिक सभेत तुमची खजिनदार म्हणून निवड झाली. आता जुने खजिनदार पावतीपुस्तकं, पासबुक, व्हाउचरची फाईल आणि अर्पणपेटीच्या किल्ल्या तुमच्या ताब्यात देतील. त्या फाईलमध्ये बहुतेक सगळं सापडेल: रंगकामाचं बिल, स्पीकरची दुरुस्ती, नाताळच्या मंडपाचं भाडं. एक गोष्ट मात्र अनेक मंडळ्यांत धड सापडत नाही, ती म्हणजे पाळकसाहेबांना, म्हणजे मंडळीच्या धर्मसेवकांना, दरमहा नेमकं काय आणि कशापोटी दिलं जातं. थोडे पैसे बँकेतून जातात, थोडे रोख. विजेचं बिल मंडळी भरते, पेट्रोलचे पैसे कधी मिळतात, कधी राहून जातात, सणाला पाकीट दिलं जातं. सगळ्यांची भावना चांगली असते, पण कागदावर त्याचा माग नसतो.

याचा तोटा पाळकांनाच सोसावा लागतो. पंचवीस-तीस वर्षं सेवा करून निवृत्त होताना पाळकगृह सोडावं लागतं, तेव्हा डोक्यावर छप्पर हवं म्हणून ते गृहकर्ज मागायला जातात. बँक पगारपत्रकं, फॉर्म १६ (पगार आणि कापलेला कर यांचा मालकाने दिलेला दाखला) आणि दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागते. यातलं काहीच त्यांच्याजवळ नसतं. म्हणून कराचा विषय किचकट वाटला तरी तो पाळकांच्या घराशी आणि म्हातारपणाशी जोडलेला आहे, हे मनात ठेवून पुढचं वाचा. हे सगळं महाराष्ट्रातल्या मंडळ्यांसाठी आहे. दर आणि मर्यादा २०२५-२६ पासूनच्या आहेत.

एक सूचना आधीच. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आहे. कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले, आणि ‘आर्थिक वर्ष’, ‘आकारणी वर्ष’ या जोडीऐवजी एकच ‘कर वर्ष’ आलं. पगारावरची करकपात जुन्या कायद्यात कलम १९२ मध्ये होती, ती आता ३९२ मध्ये आहे. मी इथे लोकांच्या तोंडात रुळलेली जुनी नावं वापरतो आहे. फॉर्म भरताना नवा क्रमांक तुमच्या सीएकडून घ्या.

पहिली पायरी: पगार देणारा कोण, हे ठरवा

प्रश्न सोपा वाटतो, पण घोळ इथेच सुरू होतो. काही संप्रदायांत पाळकांची नेमणूक आणि बदली डायोसिस, म्हणजे बिशपांच्या हाताखालचा धर्मप्रांत, करते, मंडळी आपला वाटा डायोसिसच्या कार्यालयात भरते आणि पगार तिथून निघतो. काही ठिकाणी स्थानिक मंडळीच थेट पगार देते. स्वतंत्र मंडळ्यांत तर ट्रस्ट, मंडळी आणि पाळक यांच्यातली रेषाच पुसट असते, आणि अर्पण थेट पाळकांच्या खात्यात जमा होतं.

कायद्याच्या नजरेत ज्याच्या खात्यातून पगार जातो तो पगार देणारा. कर कापायची, भरायची आणि दाखला द्यायची जबाबदारी त्याची. डायोसिस पगार देत असेल तर तुमचं काम हलकं आहे. पण मंडळी वरून आणखी काही देत असेल, समजा महागाई भत्त्याची भर किंवा घराच्या विजेचं बिल, तर ती माहिती डायोसिसच्या अकाउंट्स विभागाला लेखी कळवा, म्हणजे एकूण हिशेब एकाच ठिकाणी होईल.

मंडळी स्वतः पगार देत असेल तर तीन गोष्टी हाताशी हव्यात. पहिली, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालचं नोंदणी प्रमाणपत्र. दुसरी, ट्रस्टच्या नावाचं पॅन कार्ड. पाळकांच्या किंवा सेक्रेटरींच्या पॅनवर मंडळीचं खातं उघडलेलं असेल तर पहिल्याच महिन्यात ते बदला. तसं राहिलं तर मंडळीचं अर्पण त्या व्यक्तीचं उत्पन्न दिसतं, आणि नोटीस तिच्या घरी येते. तिसरी, टॅन. करकपात करणाऱ्याचा हा दहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक ऑनलाइन अर्ज करून मिळतो. आज कोणाचाच कर कापावा लागत नसला तरी तो काढून ठेवा. चर्चचं छत बदलताना एका कंत्राटदाराला एकरकमी ३०,००० रुपयांपेक्षा जास्त किंवा वर्षभरात १ लाखापेक्षा जास्त दिलेत की तिथेही कर कापावा लागतो, आणि ऐनवेळी टॅनसाठी धावाधाव होते.

दुसरी पायरी: ठराव आणि पत्र

पाळकांचं वेतन कमिटीच्या ठरावात आकड्यांसह लिहा. मूळ वेतन किती, भत्ते किती, राहायला पाळकगृह, वीज-पाणी कोणाकडे, प्रवासखर्च कसा, रजा किती, वाढ कोणत्या महिन्यात. त्यावरून पाळकांना नेमणुकीचं किंवा वेतनाचं पत्र द्या. ‘मानधन’ असा शब्द लिहिला म्हणजे तो पगार राहत नाही, ही समजूत चुकीची आहे. दरमहा ठरलेली रक्कम, ठरलेलं काम, रजा आणि बदली हे सगळं असेल तर आयकर खातं त्याला पगारच धरतं.

इथे एक काळजी घ्या. अनेक मंडळ्यांत पाळक हे पदसिद्ध अध्यक्ष आणि विश्वस्तही असतात. विश्वस्ताला ट्रस्टच्या पैशातून मोबदला देण्यावर धर्मादाय आयुक्तांचं आणि आयकर खात्याचं, दोघांचंही लक्ष असतं. वाजवी पगार देता येतो. पण तो ट्रस्टच्या घटनेत (नियमावलीत) किंवा योजनेत बसायला हवा, आणि पाळकांच्या वेतनाचा विषय निघाला की पाळकांनी सभेबाहेर जाऊन निर्णय इतरांवर सोडायला हवा. ‘या विषयाच्या वेळी अध्यक्ष सभागृहाबाहेर होते आणि सभेचं कामकाज उपाध्यक्षांनी चालवलं’ असं एक वाक्य इतिवृत्तात लिहून ठेवलंत, तर पुढे कोणाला बोट ठेवायला जागा राहत नाही.

तिसरी पायरी: पगारात काय मोजायचं

रोख पगार आणि ठरावीक भत्ते मोजायचे, हे उघड आहे. लोक अडखळतात ते पाळकगृहापाशी.

इंटरनेटवर ‘पाळकांचा घरभत्ता’ शोधलं की अमेरिकेची माहिती पुढ्यात येते. तिथे कलम १०७ खाली धर्मसेवकाला राहण्याची सोय किंवा घरभत्ता ठरावीक मर्यादेत आयकरातून वगळता येतो, आणि सोशल सिक्युरिटीचा भार मात्र तो स्वयंरोजगारी असल्यासारखा स्वतः उचलतो. तिकडे सेवा करणाऱ्या मराठी पाळकांसाठी हे महत्त्वाचं आहे. भारतात तशी सवलत नाही. तिकडचे व्हिडिओ पाहून इथला पगार आखू नका.

आपल्याकडे मालकाने राहायला फुकट घर दिलं की त्याचं एक मूल्य काढून ते पगारात मिळवतात. घर ट्रस्टच्या मालकीचं असेल तर २०११च्या जनगणनेत ४० लाखांपेक्षा जास्त लोकसंख्या असलेल्या शहरात पगाराच्या १० टक्के, १५ लाखांहून जास्त ते ४० लाखांपर्यंत ७.५ टक्के, आणि बाकी सगळीकडे ५ टक्के. म्हणजे मुंबईत १०, पुण्यात आणि नागपुरात ७.५, अहिल्यानगर, कोल्हापूर किंवा जालन्यात ५. नाशिक २०११च्या जनगणनेत १५ लाखांच्या किंचित खाली होतं, त्यामुळे तिथेही ५. हे दर १ सप्टेंबर २०२३ पासूनचे आहेत. त्याआधी जास्त होते, म्हणून जुन्या फाईलमधला आकडा उतरवून घेऊ नका. मंडळीने घर भाड्याने घेऊन दिलं असेल तर प्रत्यक्ष भाडं किंवा पगाराच्या १० टक्के, यांपैकी कमी असेल ते.

पाळकगृहाचं वीजबिल मंडळीने भरलं तर ती रक्कमही पगारात येते. चर्च आणि पाळकगृह एकाच मीटरवर असेल, जुन्या मिशन कंपाउंडमध्ये हे फार दिसतं, तर वेगळा मीटर घ्या. त्याला थोडा खर्च येतो, पण दर महिन्याचा अंदाजपंचे हिशेब कायमचा मिटतो.

प्रवासाच्या पैशांचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. पाळक आजाऱ्याच्या भेटीला गेले, खेड्यातल्या उपासनेला गेले, त्याची नोंदवही ठेवली आणि झालेला खर्च मंडळीने भरून दिला, तर तो मंडळीचा खर्च. दरमहा ‘पेट्रोलचे ३,००० घ्या’ म्हणून सरसकट दिले, तर तो पगार. नोंदवहीत तारीख, गाव, किलोमीटर आणि काम एवढंच लागतं. कोणाच्या घरी कशासाठी गेलो हे लिहायची गरज नाही. माणसं पाळकांशी जे बोलतात ते खजिनदाराच्या फाईलमध्ये येता कामा नये.

आता एक हिशेब मांडू. पुण्यातल्या एका मंडळीत पाळकांना दरमहा ४०,००० रुपये मिळतात, ट्रस्टच्या मालकीचं पाळकगृह आहे आणि वीजबिलापोटी मंडळी महिन्याला सरासरी १,५०० भरते. वर्षाचा रोख पगार ४,८०,०००. घराचं मूल्य त्याच्या ७.५ टक्के, म्हणजे ३६,०००. वीज १८,०००. एकूण ५,३४,०००. त्यातून नव्या करप्रणालीतली ७५,०००ची प्रमाणित वजावट गेली की उरतात ४,५९,०००. पहिल्या ४ लाखांवर कर नाही, पुढच्या ५९,०००वर ५ टक्क्यांनी २,९५० रुपये होतात, आणि करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्यामुळे तेही माफ. कर शून्य, म्हणून कापायचंही काही नाही.

तरीही पाळकांनी विवरणपत्र भरायलाच हवं, कारण माफी धरण्याआधीचं उत्पन्न ४ लाखांच्या वर आहे. ‘कर नाही म्हणजे रिटर्नही नाही’ असं अनेक पाळक धरून चालतात. ३१ जुलैपर्यंत साधं आयटीआर-१ भरलं की काम झालं, आणि दरवर्षी भरलेली ही विवरणपत्रंच पुढे कर्जासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी, व्हिसासाठी उपयोगी पडतात. कोणी पाळक जुनी करप्रणाली निवडणार असतील, समजा त्यांचं विम्याचं आणि गृहकर्जाचं मोठं ओझं आहे, तर त्यांनी वर्षाच्या सुरुवातीलाच तसं लेखी द्यावं. काही न सांगितल्यास नवी प्रणाली धरून हिशेब करायचा.

चौथी पायरी: पाकिटं

या विषयावर मंडळीत उघड बोलायला संकोच वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लग्न, बाप्तिस्मा, घरासाठी प्रार्थना, अंत्यविधी, वर्षश्राद्धाऐवजी होणारी स्मरणाची उपासना, अशा प्रत्येक प्रसंगी कुटुंब पाळकांच्या हातात पाकीट ठेवतं. नाताळात मंडळीही देते. ही ‘भेट’ आहे, भेटीवर कर कसला, असं वाटणं स्वाभाविक आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली पी. कृष्ण मेनन यांच्या प्रकरणात हा प्रश्न सोडवला. मेनन सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन त्रावणकोरात वेदान्त शिकवत. शिकवण्याचं शुल्क त्यांनी कधी मागितलं नव्हतं. लंडनहून येणारा एक शिष्य आपल्या मनाने मोठ्या रकमा देत असे. न्यायालयाने म्हटलं, शिकवणं ही त्यांची वृत्ती होती आणि पैसे त्या शिकवण्यामुळेच आले, म्हणून ते उत्पन्न आहे. देणाऱ्याने प्रेमाने दिलं, घेणाऱ्याने मागितलं नाही, याने फरक पडला नाही. उलट भावनगरच्या महाराजांनी आपल्या माजी दिवाणांना दिलेले ५ लाख रुपये १९६१ मध्ये त्याच न्यायालयाने करमुक्त धरले, कारण ती रक्कम कामाचा मोबदला म्हणून दिलेली नव्हती, माणसाबद्दलच्या आपुलकीने दिलेली होती.

या दोन निकालांच्या मधून आपली वाट जाते. उपासना चालवली, विधी केला म्हणून मिळालेलं पाकीट हे उत्पन्न. पाळकांच्या बालमित्राने त्यांच्या वाढदिवसाला दिलेलं पाकीट ही भेट. अशा खऱ्या भेटींवरही नातेवाइकांव्यतिरिक्त इतरांकडून वर्षाला एकूण ५०,००० रुपयांपर्यंतच सूट आहे. त्यापुढे एक रुपया गेला तरी सगळी रक्कम करपात्र होते. पाळकांच्या स्वतःच्या लग्नात मिळालेल्या भेटी मात्र मोकळ्या.

खजिनदाराने यात कुठे पडायचं? मंडळीने जमा करून दिलेली रक्कम, नाताळची असो वा निरोपसमारंभाची, पगारात धरायची आणि बँकेतून द्यायची. कुटुंबाने परस्पर दिलेल्या पाकिटांचा हिशेब पाळकांनी स्वतः ठेवायचा. एका वहीत तारीख आणि रक्कम पुरते, आणि वर्षाअखेर ती बेरीज विवरणपत्रात दाखवायची. हे काम तुमचं नाही, पण नव्या पाळकांना एकदा समजावून सांगणं तुमच्या हातात आहे. त्यांना धर्मशिक्षण मिळतं, हिशेबाचं शिक्षण सहसा मिळत नाही.

ज्या मंडळ्यांनी विधींची रक्कम मंडळीच्या पावतीवर घ्यायची आणि पाळकांचं वेतन तेवढं वाढवून द्यायचं असा ठराव केला, त्यांचा मार्ग मला सर्वांत स्वच्छ वाटतो. त्यात गरीब कुटुंबाला पाकिटाची चिंता उरत नाही, हा मोठाच फायदा आहे.

पाचवी पायरी: कापलं तर भरायचं, तेही वेळेत

कोणाचा कर निघत असेल, मुंबईच्या एखाद्या मोठ्या मंडळीत किंवा बिशपांच्या बाबतीत ते शक्य आहे, तर वर्षाच्या सुरुवातीला अंदाज काढा आणि बारा महिन्यांत समान वाटून कापा. फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम कापलं तर घरखर्च कोलमडतो.

कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा, मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. तिमाही विवरणपत्र, जुन्या नावाने २४क्यू, ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे या तारखांना. फॉर्म १६ द्यायचा १५ जूनपर्यंत. विवरणपत्राला उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये, कापलेल्या कराच्या रकमेपर्यंत. उशिरा भरलेल्या करावर महिन्याला दीड टक्का व्याज. हे पैसे अर्पणातून जातात, आणि विधवेने टाकलेल्या दोन नाण्यांचा धडा ज्या मंडळीत दरवर्षी वाचला जातो तिथे असं व्हायला नको.

कर कापलाच नसेल तर फॉर्म १६ची सक्ती नाही. पण दरमहा पगारपत्रक आणि वर्षाअखेर मंडळीच्या लेटरहेडवर पगाराचा दाखला द्याच. त्यावर पाळकगृहाचं मूल्य आणि वीजबिल वेगवेगळं लिहा.

राज्याचा प्रोफेशन टॅक्स वेगळा. पुरुष कर्मचाऱ्याला १०,०००पेक्षा जास्त पगार असेल तर महिना २००, फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २,५००. साडेसात हजार ते दहा हजारांमध्ये महिना १७५. महिलांना २५,००० पर्यंत माफ. वयाची ६५ वर्षं पूर्ण केलेल्यांना लागत नाही. कापण्यासाठी मंडळीला पीटीआरसी ही नोंदणी लागते.

सहावी पायरी: म्हातारपणाची तजवीज

परदेशी मिशनच्या काळात पाळक, शिक्षक आणि बायबल स्त्रिया (घरोघरी जाऊन बायबल शिकवणाऱ्या सेविका) यांची व्यवस्था मिशनकडे होती. मंडळ्या स्वावलंबी झाल्या तेव्हा पगाराची जबाबदारी आपण घेतली. निवृत्तीची मात्र सगळीकडे घेतली असं म्हणता येत नाही. मला या लेखातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला भविष्यनिर्वाह निधी लागू होतो. डायोसिस, वसतिगृह, शाळा यांचे कर्मचारी मोजताना शिपाई, चालक, स्वयंपाकीणबाई, कंत्राटी रखवालदार यांनाही धरा. कर्मचाऱ्याचे १२ टक्के आणि मालकाचे १२ टक्के. सक्तीसाठी वेतनमर्यादा १५,००० आहे. ग्रॅच्युइटी दहा कर्मचाऱ्यांपासून.

छोट्या मंडळीत एक पाळक, एक शिपाई आणि रविवारी येणारा वादक एवढेच असतात. कायदा सक्ती करत नाही, म्हणून मंडळीही गप्प बसते. सक्ती नसली तरी करता येण्यासारखं बरंच आहे.

ग्रॅच्युइटीचं सूत्र शेवटचं मासिक वेतन गुणिले १५ भागिले २६ गुणिले सेवेची वर्षं. वेतन ४०,००० आणि सेवा १२ वर्षांची असेल तर सुमारे २,७७,००० होतात. ही रक्कम निरोपाच्या महिन्यात कोणत्याच छोट्या मंडळीकडे नसते. पण दरमहा वेतनाच्या साधारण ५ टक्के, म्हणजे २,००० रुपये, ‘पाळक निवृत्ती निधी’ अशा वेगळ्या खात्यात टाकले तर ती उभी राहते. वेतन वाढलं की हप्ताही वाढवा. बदली होणाऱ्या पाळकांच्या बाबतीत प्रत्येक मंडळीने आपल्या वर्षांचा वाटा डायोसिसच्या निधीत द्यायचा, असं लेखी ठरवून घ्या.

दुसरा मार्ग राष्ट्रीय पेन्शन योजनेचा. मालकाने पाळकांच्या एनपीएस खात्यात मूळ वेतनाच्या १४ टक्क्यांपर्यंत भरलं तर नव्या करप्रणालीतही त्यावर वजावट मिळते. पाळक स्वतः पीपीएफ (सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी) खातं उघडू शकतात. वर्षाला कमीत कमी ५००, जास्तीत जास्त दीड लाख, मुदत १५ वर्षं. तरुण पाळकांना सेवेच्या पहिल्याच वर्षी हे खातं उघडायला लावा, भले महिना ५०० का असेना.

शिपायाला विसरू नका. चर्च उघडणारा, घंटा वाजवणारा, दफनभूमी साफ ठेवणारा माणूस बहुतेक ठिकाणी पाळकांपेक्षाही कच्च्या हिशेबावर राबतो. त्याचाही पगार बँकेतून द्या आणि त्यालाही पत्र द्या. किमान वेतनाचा दर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात तपासून घ्या.

सातवी पायरी: पगार आणि मंडळीची करसवलत

मंडळीचं अर्पण कायद्याने उत्पन्नच आहे. ते करमुक्त राहतं ते आयकर खात्याकडच्या १२ए किंवा आता १२एबी या नोंदणीमुळे, आणि वर्षाच्या उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्देशांवर खर्च केल्यामुळे. नोंदणीची मुदत पाच वर्षांची असते. २०२५च्या सुधारणेनंतर ५ कोटींच्या आत उत्पन्न असलेल्या ट्रस्टांना ती दहा वर्षांची मिळू शकते. तुमच्या प्रमाणपत्रावरची अखेरची तारीख आजच पाहा आणि नूतनीकरणाचा अर्ज त्याच्या सहा महिने आधी करा.

पाळकांच्या पगाराचा याच्याशी थेट संबंध आहे. एका व्यक्तीला एका दिवसात १०,०००पेक्षा जास्त रोख दिलं, तर तो खर्च या ८५ टक्क्यांत धरत नाहीत. कर कापायला हवा होता आणि कापला नाही, तर त्या खर्चाचे ३० टक्के धरत नाहीत. म्हणजे पगार रोख देण्याची सवय मंडळीची स्वतःची करमुक्ती पोखरते. कमिटीत कोणी ‘चाललंय तसं चालू द्या’ म्हणालं, तर हा मुद्दा मांडा.

अर्पणपेटीतल्या निनावी पैशांची भीती बाळगू नका. निव्वळ धार्मिक ट्रस्टला निनावी देणग्यांवरचा वेगळा कर लागत नाही. मात्र अर्पण दोघांनी मिळून मोजावं, वहीत दोघांच्या सह्या असाव्यात आणि सोमवारी पूर्ण रक्कम बँकेत जावी. रविवारच्या अर्पणातूनच शिपायाचा पगार देऊन उरलेलं भरायचं, हे थांबवा. इमारत निधीसाठी एकाच दात्याकडून एका दिवशी २ लाख किंवा जास्त रोख घेऊ नका, त्याला बंदी आहे. आणि अर्पणावर ८०जीची (देणगीदाराला मिळणारी) करसवलत मागणाऱ्यांना आधीच सांगा, निव्वळ धार्मिक ट्रस्टला ती मिळत नाही.

परदेशातून कोणी मंडळीच्या कामासाठी पैसे पाठवायचं म्हणालं, तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खालच्या नोंदणीशिवाय आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्याशिवाय ते घेता येत नाहीत. पाळकांच्या वैयक्तिक खात्यात तर मुळीच घेऊ नका. प्रेमापोटी झालेला हा प्रकार पाळकांना फौजदारी खटल्यापर्यंत नेऊ शकतो.

धर्मगुरू आणि सिस्टरांबद्दल

वसई, मुंबई, पुण्याकडच्या कॅथलिक वाचकांसाठी एक गोष्ट. दारिद्र्याचं व्रत घेतलेले फादर आणि सिस्टर अनुदानित शाळेत शिकवतात आणि पगार आपल्या धर्मसंघाला देतात. आयकर खात्याच्या १९४४ आणि १९७७च्या परिपत्रकांच्या आधारे त्यावर कर कापला जात नसे. तमिळनाडू आणि केरळमधून हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने अपिलं फेटाळली. पगार व्यक्तीला मिळतो आणि करकपात तिथेच होते, तो पुढे कोणाला दिला याने फरक पडत नाही. तेव्हा शाळेच्या कार्यालयाने सिस्टरांचं पॅन घेऊन इतर शिक्षकांसारखाच हिशेब करावा, आणि सिस्टरांनी स्वतःच्या नावाचं विवरणपत्र भरावं.

वर्षाअखेर आणि बदल

३१ मार्चला हिशेब बंद. धर्मादाय कार्यालयासाठीचं ऑडिट आणि आयकराचा ऑडिट अहवाल, फॉर्म १०बी किंवा १०बीबी, दोन्ही ३० सप्टेंबरच्या आत, आणि आयटीआर-७ ३१ ऑक्टोबरपर्यंत. सीएकडे कागद जूनमध्येच द्या. सप्टेंबरात त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते.

तुमच्या निवडीने विश्वस्त मंडळ बदललं असेल तर ९० दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात जायला हवा. तो राहिला की बँक सह्या बदलत नाही, आणि पगार अडतो. आयकर पोर्टल आणि टॅनच्या खात्यावर अजून जुन्या खजिनदारांचा मोबाइल आणि ईमेल असेल, ओटीपी त्यांच्याकडेच जात असतील. किल्ल्या घेताना तोही बदल त्यांच्या शेजारी बसून करून घ्या, आणि मंडळीच्या नावाचा एक ईमेल उघडून तोच सगळीकडे द्या.